एकशेएकोणिसावा चौकोन

ती. स्व. भावोजींच्या सेवेशी,

धाकट्या मेव्हण्याचा वाकून नमस्कार. तुम्ही खुशाल असाल, ताईचा गुडघा तिला जिने चढू देत असेल आणि तुमचं छपाईचं यंत्र कुरकुर न करता चालत असेल अशी आशा आहे. (यंत्राच्या तब्येतीची चौकशी मी उगीच करत नाही, पण ते पुढे येईल.) इकडे मी कंबर सोडून बाकी ठणठणीत आहे. पत्र पाहून दचकू नका, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. फोन न करता लिहायला बसलो याचं कारण असं, की फोनवर तुम्ही तिसऱ्या वाक्याला ‘थांब रे, गिऱ्हाईक आलंय’ म्हणता आणि माझी गोष्ट तिथेच लटकते. अक्षर मोठं आलं आहे त्याबद्दल माफी असावी. तीस वर्षं हात भिंतींवर चालला, त्याला कागद पुरत नाही.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून तुमच्या फ्लेक्सच्या दुकानात संगणकासमोर बसायचं मी कबूल केलं होतं, ते विसरलेलो नाही. हातानं पाट्या रंगवून घेणारं गिऱ्हाईक आता उरलं नाही हे तुमचं म्हणणं मला पटलेलं आहे. गेल्या अख्ख्या वर्षात मी चार पाट्या रंगवल्या, त्यातल्या दोन ‘येथे गाड्या लावू नयेत’ अशा. (त्यांच्यासमोर कायम गाड्या लागलेल्या असतात, त्यामुळे त्या कुणाला दिसतही नाहीत.) जाता जाता एक शेवटचं काम उरकून येतो म्हणालो होतो, ते मुलींच्या शाळेतल्या भिंतीचं. वीस फूट लांब, दहा फूट उंच, आणि तिच्यावर मूलद्रव्यांचा तक्ता. मोठ्या सरांनी, म्हणजे तिथल्या मुख्याध्यापकांनी, पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं, की भिंत चांगली झाली तर संस्थेच्या आणखी सहा शाळांच्या भिंती माझ्याकडे, नाहीतर तिच्यावरून फ्लेक्स ताणून आपण मोकळे. सहा शाळा म्हणजे मला दोन-तीन वर्षांचं काम. तेव्हा भावोजी, माझा ब्रश राहतो की जातो, हे या एका भिंतीवर ठरायचं होतं. खरं सांगायचं तर अजूनही ठरायचंच आहे.

हे काम मुळात निघालं ते विज्ञानाच्या बाईंमुळे. बाई उंचीनं माझ्या खांद्याला लागतात, चष्मा कपाळावर चढवून तो टेबलावर शोधतात आणि त्यांच्या बोटांना कायम खडू लागलेला असतो. छापील तक्ता शाळेत होता, पण गुंडाळी करून कपाटावर पडलेला. मुलींना येता-जाता, डबा खाताना, शिक्षा म्हणून बाहेर उभं राहताना तो दिसला पाहिजे असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मला चौकटीच्या वहीचा कागद दिला, त्यावर पेन्सिलीनं सगळे चौकोन आखलेले, आणि अगदी असंच हवं म्हणून बजावलं. नंतर त्या चार दिवसांच्या कसल्याशा प्रशिक्षणाला निघून गेल्या.

कागद पाहून मला बाईंची दयाच आली. पहिल्या ओळीत एक चौकोन डाव्या टोकाला, दुसरा उजव्या टोकाला, आणि मधे सोळा चौकोन मावतील एवढं मैदान. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीचीही तीच गत, दोन इकडे, सहा तिकडे. भरीस भर म्हणून दोन अख्ख्या ओळी तक्त्यातून फुटून खाली वेगळ्या पडलेल्या. माझ्या मनात आलं, बाईंना विज्ञान येत असेल, पण पाटी मांडता येत नाही. आता तुम्हाला ठाऊक आहे, रिकामी जागा दिसली की ती भरल्याशिवाय मला राहवत नाही. पाटीवर जागा उरली तर पेंटरला मोजमाप आलं नाही असं लोक म्हणतात, म्हणून आम्ही तिथे एखादी वेलबुट्टी काढतो, नाहीतर अक्षरं पसरवून घेतो. मी विचार केला, बाई परत येईपर्यंत सगळं नीट लावून ठेवू, खूश होतील.

चार दिवस मान मोडून काम केलं. हायड्रोजन आणि हेलियम शेजारी शेजारी आणून बरोबर मधोमध बसवले. त्याखाली आठांची ओळ मधोमध, त्याखाली दुसरी आठांची, मग अठराच्या चार ओळी, आणि त्या फुटलेल्या दोन ओळींचा खाली पाया केला. काय सांगू, चढत्या पायऱ्यांसारखा डौलदार आकार झाला! प्रत्येक अक्षराला मागून सावली दिली. मोठे सर दोनदा येऊन उभे राहिले आणि मान डोलावून गेले. (त्यांचा विषय इतिहास आहे, हे मला नंतर कळलं.)

पाचव्या दिवशी बाई आल्या. भिंतीसमोर उभ्या राहिल्या, चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला. मी ब्रश पुसत कौतुकाची वाट पाहत होतो. त्या आधी एवढंच म्हणाल्या, की रेघा फार सरळ आल्यात हो. नंतर माझी रंगाची बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या, आपला पेन्सिलीचा कागद माझ्याकडून मागून घेतला आणि एकदा कागदाकडे, एकदा भिंतीकडे बघू लागल्या. भावोजी, आयुष्यात मला गिऱ्हाइकांनी शिव्या घातल्या आहेत, एका हॉटेलवाल्यानं शिडी ओढून नेली आहे, पण सरळ रेघांच्या कौतुकाची एवढी धास्ती मला कधी वाटली नव्हती. त्या रागावतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी मला समोरच्या पायरीवर बसवलं आणि शिकवायला सुरुवात केली.

मला समजलं तेवढं लिहितो. जगात जी काही वस्तू आहे, जिला वजन आहे आणि जी जागा अडवते, ती म्हणजे द्रव्य. (मी तुमच्याकडे राहायला आलो की बाहेरच्या खोलीची जी अवस्था होते त्यावरून मी द्रव्य आहे याबद्दल ताईला शंका नसावी.) हे सगळं द्रव्य शंभर-सव्वाशे मूळ पदार्थांचं बनलंय, त्यांना मूलद्रव्यं म्हणायचं. आणि या तक्त्यात आडवी ओळ वजन वाढत जाईल तशी पुढे सरकते, पण खरी गंमत उभ्या रांगेत आहे. उभी रांग म्हणजे घराणं. एका रांगेतल्यांचा स्वभाव एक. सोडियम आणि त्याच्याखालचा पोटॅशियम, दोघेही इतके तापट की पाण्याला नुसता हात लागला तरी भडकतात. उजव्या टोकाच्या रांगेतले सगळे उलट, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आपण बरं आणि आपलं घर बरं. हेलियम त्या घराण्यातला, म्हणून तो बिचारा एवढ्या लांब टोकाला उभा होता, आणि मी त्याला दंडाला धरून हायड्रोजनच्या शेजारी आणून बसवला होता! हायड्रोजन म्हणजे पेट घेणारा. मधलं मैदान रिकामं होतं, कारण तिथे बसावं अशा स्वभावाचं कुणी पहिल्या ओळीत जन्मालाच आलेलं नाही.

मला ते ताबडतोब पटलं, कारण आपल्याकडेही तसंच आहे. आमचे वडील, मी आणि आमचा चुलता एका रांगेत, बोलायला लागलो की थांबत नाही. तुम्ही उजव्या टोकाचे. ताई सोडियमच्या रांगेतली. (हे वाक्य तिला वाचून दाखवू नका.)

पण माझी झोप उडवली ती पुढच्या गोष्टीनं. बाई म्हणाल्या, पूर्वी हा तक्ता पहिल्यांदा मांडला गेला तेव्हा आजच्यापैकी जवळजवळ अर्धी मूलद्रव्यं कुणाला माहीतच नव्हती. ज्यानं मांडला त्यानं हाताशी होती ती ओळीनं लावत नेली, आणि जिथे स्वभाव जुळेना तिथे ओढूनताणून कुणाला बसवलं नाही. जागा रिकामी सोडली. नुसती सोडली नाही, तर या जागेवर जो येईल त्याचं वजन साधारण अमुक, वागणं तमुक, हेही लिहून ठेवलं. आणि पुढे एकामागून एक ते सापडले, त्याच वजनाचे आणि त्याच वागण्याचे! भावोजी, मी त्या पायरीवर बसलो होतो आणि माझ्या अंगावर काटा आला. तीस वर्षं मी समजत होतो की रिकामी जागा म्हणजे कारागिराची फजिती, आणि इथे एक माणूस रिकाम्या जागेमुळे मोठा ठरला. मला माहीत नाही म्हणून जागा सोडतो, असं चारचौघांत म्हणायला केवढी छाती लागत असेल! आपल्यापैकी कुणात आहे का? मी तर रस्ता ठाऊक नसला तरी विचारणाऱ्याला ठामपणे डावीकडे पाठवतो.

मी त्याच संध्याकाळी सगळी भिंत घासून पांढरी केली. सावलीच्या अक्षरांवरून हात फिरवताना वाईट वाटलं, नाही असं नाही. भिंतीच्या उद्घाटनाला नऊ दिवस उरले होते आणि एकशेअठरा चौकोन नव्यानं रंगवायचे होते. बाई रोज शाळा सुटल्यावर येऊन माझ्याबरोबर एकेक चौकोन तपासायच्या, आणि तपासता तपासता माझ्याच डब्यांत डोकावून मला माझाच धंदा सांगायच्या. माझा पांढरा म्हणजे टिटॅनियम, काळा म्हणजे कार्बन, आणि विटकरी म्हणजे निव्वळ गंजलेलं लोखंड. त्या जुन्या पिवळ्याच्या डब्यात क्रोमियम आणि शिसं निघालं, तो त्यांनी माझ्याकडून काढून घेतला आणि जेवणाआधी हात साबणानं धुवायची ताकीद दिली. मी आजवर ‘तीन नंबरचा पिवळा’ म्हणून हाक मारत होतो त्याला! अर्धा तक्ता माझ्या पिशवीत होता आणि मी त्याच पिशवीवर डोकं ठेवून दुपारी पडत होतो.

मधे टर्पेंटाइनचा वास मोठ्या सरांच्या खोलीपर्यंत गेला म्हणून त्यांनी तक्रार केली. बाईंनी त्यावर सातवीचा अख्खा वर्ग ओळीनं बोळात उभा केला आणि वास कुठवर पोचतो ते बघायला लावलं. डबा इथे, वास तिथे, म्हणजे द्रवाचा वायू झाला आणि त्याचे कण मिळेल ती जागा भरत सुटले. (मोठे सर दाराला चादर लावून आत बसले होते, पण वायूला चादरीचं काय.) मलाही एक शंका आली ती मी विचारली. रंग वाळतो तेव्हा नुसता सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होतो, असं बाईच म्हणाल्या होत्या. मग तो श्वास घेतो म्हणायचं का? म्हणजे माझी भिंत जिवंत आहे का? बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी तो प्रश्न दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिला. उत्तर असं निघालं, की जिवंत असेल ते खातं, वाढतं, आपल्यासारखं दुसरं निर्माण करतं आणि डिवचलं तर काहीतरी हालचाल करतं. यातलं एखादं जमलं म्हणून भागत नाही. भिंत नापास झाली. मी तुम्हाला रविवारी जेवणानंतर आरामखुर्चीत पाहिलेलं आहे, भावोजी, शेवटच्या कसोटीला तुम्हीही काठावर आहात.

आता माझी चूक. दुसरी, म्हणजे आधीच्या चुकीइतकीच मोठी. तुम्हाला माहीत आहे, कुठलंही काम संपलं की उजव्या खालच्या कोपऱ्यात आपली खूण टाकायची सवय हाताला जडलेली असते. उद्घाटनाच्या सकाळी एकशेअठरावा चौकोन पुरा झाला, तो नेमका उजव्या टोकाला. त्याच्याखाली मी बाकीच्यांच्याच मापाचा आणखी एक चौकोन आखला, मधे ठळक ‘पें’ लिहिलं, खाली बारीक ‘पेंटर’ आणि जिथे वजनाचा आकडा लिहितात तिथे माझा फोन नंबर. देवाशपथ सांगतो, त्यात काडीचाही मतलब नव्हता. हात आपोआप गेला.

दुपारी शिक्षण खात्याचे साहेब आले. मोठ्या सरांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या, साहेब चष्मा सावरून एकेक ओळ वाचत उजव्या कोपऱ्यापर्यंत आले आणि थांबले. त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, की दहा आकडी वजनाचं हे मूलद्रव्य कधी सापडलं? मोठ्या सरांचा चेहरा माझ्या विटकरी डब्यासारखा झाला. मी खांबामागे सरकलो. तेवढ्यात सातवीतली एक दोन वेण्यांची मुलगी हात वर करून उभी राहिली. मला वाटलं, आता ही माझी बाजू घेणार. ती म्हणाली, “सर, हे चुकीचं आहे. पेंटरकाका या रांगेत बसूच शकत नाहीत. या रांगेतले कुणात मिसळत नाहीत, आणि काका तर शाळेत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून गप्पा मारतात.”

साहेब हसले, पण ती मुलगी थांबायला तयार नव्हती. ती भिंतीपाशी गेली आणि म्हणाली, काका मुळात मूलद्रव्यच नाहीत, ते पुष्कळ मूलद्रव्यांचे मिळून झाले आहेत. आणि तिनं वरच्या चौकोनांवर माझी लांब पट्टी आणि हाताला येणाऱ्यांवर बोट ठेवत मला भिंतीवर दाखवून दिलं. सगळ्यांत जास्त ऑक्सिजन, मग कार्बन, हायड्रोजन, हाडांत कॅल्शियम, रक्तात लोह. (बोटं तिची काळी-पांढरी झाली, सकाळीच सगळ्या चौकोनांवर शेवटचा हात फिरवला होता, रंग ओला होता.) तिच्यामागून इतर मुलीही धावल्या. सत्तर किलोच्या माणसात पंचेचाळीस किलो ऑक्सिजन, हे मला त्या दिवशी कळलं. ताई लहानपणापासून म्हणते की मी हवेत असतो, त्याला आता शास्त्राचा आधार आहे. पण खरं सांगतो, मला तिथे हसू आलं नाही. जे काही माझ्या डब्यांत आणि माझ्या भिंतीवर होतं तेच माझ्या हाडांत आहे, आणि हे एवढीशी मुलगी मी काढलेल्या चौकोनांवर बोट ठेवून सांगते आहे. माझे डोळे भरून आले. टर्पेंटाइननं, असं मी मोठ्या सरांना सांगितलं.

साहेब शाबासकी देऊन गेले. मोठे सर मात्र खवळलेले होते. शाळेच्या भिंतीवर फोन नंबर, तोही साहेबांसमोर! फ्लेक्सवर असले उद्योग होत नाहीत, पुढच्या आठवड्यात फ्लेक्सच मागवतो, असं त्यांनी माझ्यादेखत बाईंना सांगितलं. बाई त्यांच्याशी अर्धा तास बोलल्या. काय ते मला ऐकू आलं नाही, पण बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चष्मा कपाळावर होता आणि त्या तो शोधत नव्हत्या, यावरून रंग काही बरा दिसला नाही.

त्यानंतर त्यांनी मला ‘पें’ पुसायला सांगितलं. मी पुसलं. चौकोनाच्या रेघाही पुसायला लागलो तर म्हणाल्या, थांबा, तो हवा, पण तुमची जागा चुकली आहे. एकशेएकोणिसावं अजून कुणी केलेलं नाही, पण होईल तेव्हा नवी ओळ डावीकडून सुरू होईल. मग त्यांनी माझ्या हातातला ब्रश घेतला, पालथ्या बादलीवर बसल्या आणि डाव्या टोकाला, सातव्या ओळीखाली, स्वतः एक चौकोन काढला. आत काही लिहिलं नाही. पोरींपैकी कुणाला तरी लागेल म्हणाल्या. चौकोन वाकडा आला आहे, भावोजी, वरची रेघ उजवीकडे चांगली अर्धा बोट उतरली आहे. मी पट्टी घेऊन दोनदा जवळ गेलो आणि दोनदा तसाच परत आलो. रिकामा आणि वाकडा, आणि तरी त्या भिंतीवर मला तोच सगळ्यात आवडतो. थोरांना नमस्कार, ताईला आठवण.

तुमचा,
मेव्हणा (बराचसा ऑक्सिजन)

ता. क. – आता मुद्द्याचं. मोठ्या सरांचा तुम्हाला फोन येईल, वीस बाय दहाच्या फ्लेक्ससाठी. तुमचं यंत्र बिघडलं आहे आणि भाग परदेशातून यायला सहा महिने लागतील, असं सांगाल का? तेवढ्यात मोठ्या सरांचा राग निवळेल आणि भिंत तगेल. लहान तोंडी मोठा घास घेतो आहे, पण मागायला दुसरं कुणी नाही.

दुसरा ता. क. – तुमचा नंबर त्यांना कुणी दिला असं तुम्ही विचाराल. मीच. त्यांनी मलाच विचारलं, की ज्याचा रंग दोन उन्हाळ्यांत उडत नाही आणि जो अक्षर चुकवत नाही असा फ्लेक्सवाला कोण? कुणातरी भुक्कड माणसाचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि तुमचं बाहेर पडलं. खोटं बोलायला मला जमलं नाही आणि ते तुम्हाला बोलायला सांगतो आहे, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. तेव्हा पहिला ता. क. खोडला असं समजा. यंत्र चालू आहे म्हणूनच सांगा.

तिसरा ता. क. – फक्त दर सांगण्याआधी एकदा येऊन भिंत बघून जा. दुपारी तीनला या, उजेड बरोबर असतो, आणि मधल्या सुट्टीत मुली तिथे उभ्या असतात. त्यानंतरही छापावंसं वाटलं तर खुशाल छापा, माझा राग नाही. एक तारखेला भांग पाडून दुकानात हजर होईन. पण फ्लेक्स ठोकायला दुसऱ्या कुणाला पाठवू नका, मीच येईन. खिळे रिकाम्या जागांत मारता येतात. एकाही चौकोनाला भोक पडू देणार नाही.